जिन्यातली काच

जिन्याच्या वळणावरच्या काचेत डोळा दिसला तेव्हा सुरय्याच्या हातात दुधाचं पातेलं होतं. पातेलं पडलं नाही, एवढंच. दूध हिंदकळून मनगटावर आलं, मनगटावरून बाहीत गेलं, आणि ती तशीच उभी राहिली, एक पाय वरच्या पायरीवर, एक खालच्या. अख्खा डोळाही नव्हता तो. कडेचं पांढरं, पापणीची एक कड आणि थोडंसं काळं. भिंतीच्या आत कुणीतरी उभं राहून बाहेर बघत असावं असा. तिनं मान जराशी हलवली तर तोही सरकला. मग तिच्या ध्यानात आलं की डोळा आपलाच आहे, आणि जीव भांड्यात पडायचा तो उलट घशात आला. कारण साध्या काचेत असा डोळा दिसत नाही, आणि ही काच साधी होती. ती साधी होती हे सुरय्याइतकं छातीठोक दुसरं कुणी सांगू शकलं नसतं, कारण ती तिथं तिनंच बसवली होती, चोरून. वरून बाळाचं रडणं ऐकू आलं तेव्हा ती भानावर आली आणि उरलेलं दूध घेऊन वर गेली.

काचेची हकिगत साधीच होती. मोठ्या पुरात सांगलीत पेठेपर्यंत पाणी आलं आणि ह्या घराच्या जिन्याचं वळण गाठून थांबलं. पाणी उतरलं, गाळ उपसला, भिंती वाळल्या, आणि वळणावरच्या भिंतीत केसाएवढी एक रेघ राहून गेली. पुढं काही वर्षं तिच्याकडं कुणी बघितलं नाही. रोजच्या नवऱ्याचं टक्कल जसं बायकोला दिसत नाही, तशा राहत्या घराच्या भेगा दिसत नाहीत. मग महापालिकेची नोटीस आली. इमारत जुनी आहे, तपासून घ्या, सांगितलेलं काम करा, मजबुतीचा दाखला आणा, नाहीतर रिकामी करा. शंभूराज नावाचा तरुण इंजिनिअर आला. त्यानं भिंत हातोडीनं ठोकून ऐकली, रेघेवरून बोट फिरवलं, आणि पिशवीतून काचेची पट्टी काढली, दोन बोटं रुंद, वीतभर लांब. ती रेघेवर आडवी धरून दोन्ही टोकांना त्यानं पांढऱ्या सिमेंटचे गोळे दाबले. "तडा मेलेला असेल तर काच अशीच राहील," तो म्हणाला. "जिवंत असेल तर फुटेल. भिंत हललेली आपल्याला दिसत नाही, काचेला कळतं." एवढं बोलून चहा पिऊन तो गेला. त्याचं ते रोजचंच बोलणं, पण सुरय्याच्या मनात जिवंत हा शब्द जो शिरला तो शिरलाच. आतापर्यंत भिंत म्हणजे भिंत होती. त्या दिवसापासून सुरय्या वर-खाली करताना अंग चोरून चालायला लागली, परक्या पुरुषाच्या जवळून जावं तशी.

घर लीलाबाईंचं. त्यांची उसाची जमीन आष्ट्याकडं, नवरा फौजेत सुभेदार. निवृत्त झाल्यावर दोघं इथं येऊन राहिली. आता सुभेदार नाहीत, मुलगा उदयसिंह फौजेतच कुठंतरी लांब, आणि लीलाबाई खालच्या मागच्या दोन खोल्यांत एकट्या. पुढच्या गाळ्यात सुरय्याच्या नवऱ्याचं, दिलावरचं, गाद्यांचं दुकान आणि वरच्या दोन खोल्यांत त्यांचा संसार. सुरय्याचे सासरे इथं भाड्यानं आले त्याला जमाना झाला. इतक्या वर्षांत मालक आणि भाडेकरू हे शब्द त्या घरात फारसे कुणी उच्चारले नव्हते. दिवाळीला लीलाबाईंकडून ताट वर जायचं, ईदला शीरखुर्म्याचं पातेलं खाली यायचं. नोटीस आली आणि दोन्ही शब्द बाहेर पडले. कामाचा खर्च कुणी किती सोसायचा ह्यासाठी लीलाबाईंच्या खोलीत बैठक बसली, उदयसिंह फोनवरून. पाया, खांब, छप्पर मालकाचं. आतला गिलावा, फरशी, मोरी ज्याची त्यानं करायची, एवढं चहा निवायच्या आत ठरलं. अडलं ते जिन्यापाशी.

"जिना तुमचा, आक्का," दिलावर म्हणाला.

लीलाबाईंनी पदर सारखा केला. "माजा कसला? गुडघं गेल्यापासनं म्या त्याचं त्वांड बघितलं न्हाई. चढतासा तुमी, उतरतासा तुमी."

"चढतो की. पर जाताना खांद्यावर टाकून नेनार हाय व्हय आमी?"

फोनमधून उदयसिंह हसला, आणि हसू आवरून म्हणाला की एवढी कटकट असेल तर सगळंच बिल्डरला देऊन टाकू, आई माझ्याकडं येईल. लीलाबाई आपल्या गुडघ्यांकडं बघत राहिल्या. त्यानंतर जिना निम्मा-निम्मा ठरायला मुळीच वेळ लागला नाही. पण निम्मा कशाचा, ते काच सांगणार होती. सलग राहिली तर भेग भरायची, वरून गिलावा, कुणी हलायचं कारण नाही. फुटली तर जिना पाडायचा, त्याच्या कडेची भिंत पाडायची, आणि काम संपेपर्यंत, म्हणजे कित्येक महिने, सगळ्यांनी बाहेर राहायचं.

बाहेर म्हणजे कुठं, हे दिलावरनं मोठ्यानं कधी विचारलं नाही. कुपवाडला एका वर्कशॉपच्या मागं पत्र्याची खोली मिळत होती. आणि एकदा सामान खाली उतरलं की ते पुन्हा वर चढत नाही, हे पेठेतल्या कुठल्याही भाडेकरूला सांगावं लागत नाही. लीलाबाईंचा शब्द होता, पण लीलाबाई म्हणजे पिकलं पान, आणि उदयसिंहाला ह्या घराचं काय होतं? ही भीती दोघं नवरा-बायको रोज उशाला घेऊन झोपत. तरी सुरय्याचं खरं दुखणं वेगळं होतं. मिस्बाह, त्यांची एकुलती एक मुलगी, वडूजला दिलेली, तेव्हा पोटुशी होती. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यात काही बोलायचंच नसतं. पण सातव्या महिन्यात सुरय्या तिला आणायला गेली तेव्हा निरोप देताना विहीणबाई हसत हसत म्हणाल्या होत्या, "तुमचं घर हाय न्हवं अजून?" त्या हसण्यात काही नव्हतंही कदाचित. सांगलीच्या नोटिशीची बातमी वडूजला कुणी नेली, देव जाणे. वडूजहून परत येताना एस.टी.मध्ये मिस्बाह खांद्यावर डोकं टाकून झोपली होती आणि सुरय्या खिडकीतून उघडं माळरान बघत मनाशी म्हणत होती, पोरीच्या चाळिसाव्या दिवसापर्यंत तेवढं उभं राहा, मग तुझं तू बघ. हे ती घराला म्हणत होती. अल्लाला म्हणायचं सोडून आपण भिंतीला विनवतोय, हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा तिला लाज वाटली, पण विनवणं काही थांबलं नाही.

काच फुटलेली तिनं पहिल्यांदा पाहिली तेव्हा मिस्बाह वर कॉटवर पाय सोडून आवळा चोखत बसली होती. टळटळीत दुपार होती. सुरय्या गाद्यांच्या खोळी घरी शिवायची. कापड आणायला खाली निघाली, आणि वळणावर तिला काचेतून एक तिरकी चीर गेलेली दिसली. बोट लावलं तर तुकडा हातात आला. तिनं विचार केला नाही. विचार करायला माणसाला आधी बसावं लागतं, आणि ती उभी होती. पुरात फुटलेल्या एका तसबिरीच्या काचा ट्रंकेमागं फडक्यात गुंडाळून पडलेल्या होत्या. त्यांतली एक पट्टी मापाला आली. पांढरं सिमेंट दुकानात डब्यात होतं. सगळं इतकं हाताशी होतं की आधीपासूनच कुणीतरी मांडून ठेवल्यासारखं वाटलं. गोळे दाबताना इंजिनिअरच्या अंगठ्याचे ठसे तिच्या अंगठ्याखाली मोडून गेले. मग तिनं हात धुतले, चहा टाकला, आणि मिस्बाहनं रोजच्यासारखं विचारलं, "अम्मी, काच?" तर म्हणाली, "धड हाय." असं तिला आणखी एकदा करावं लागलं. त्यानंतर मात्र काच फुटायची थांबली. इंजिनिअर येऊन बघून गेला, खूश झाला, म्हणाला, अजून एक महिना बघू, मेलेलाच दिसतोय. सुरय्यानं दर्ग्यात चादर बोलली होती, ती नेऊन चढवली. खोटं सुरुवातीला होतं, पुढं ते खरं झालं, असं तिनं धरून टाकलं. मिस्बाह दवाखान्यात सुखरूप बाळंत झाली, मुलगा झाला. सुरय्यानं तो दुपट्यात गुंडाळून स्वतः ह्याच जिन्यावरून वर आणला, आणि वळणावर काचेकडं बघून कौतुकानं मान डोलावली.

दुपारचे आवाज मात्र काच फुटायची थांबली त्याच सुमारास सुरू झाले. खाली पिंजण्याचं मशीन बंद करून दिलावर दुकानातच घटकाभर आडवा व्हायचा, गल्ली ओस पडायची, आणि जिन्यातून काहीतरी वर यायला लागायचं. पावलं नव्हेत; पावलांना ती भ्याली नसती. कुणीतरी भरलं पोतं पायरीपायरीनं वर ओढावं तशी एक घासट, मग थांबणं, मग धाप, मग पुन्हा घासट. ते वळणापर्यंत यायचं आणि तिथंच राहायचं. वर कधी येत नसे. सुरय्या शिलाई मशीनचं चाक हातानं धरून ठेवायची, सुई कापडात रुतलेली असायची, आणि ती मिस्बाहकडं बघायची, हिला ऐकू जातंय का. मिस्बाह बाळाला कुशीत घेऊन गाढ झोपलेली. बऱ्याच वेळानं तेच घासत खाली उतरायचं. दार उघडून बघायचं धाडस सुरय्याला एकदाही झालं नाही. ती कुराणातली आयतुल कुर्सी पुटपुटत राहायची आणि तिला सुभेदार आठवायचे.

सुभेदारांचं त्या वळणाशी काही वेगळंच होतं. तिथं झरोका आहे, उजेड चांगला म्हणून भिंतीला आरसा टांगून ते सकाळी दाढी करायचे; वर जाणाऱ्या सुरय्याला आरशातूनच "काय गं पोरी" म्हणायचे. पुराच्या वेळी होडी दाराशी आली, सगळे गेले, सुभेदार तेवढे वळणावर खुर्ची टाकून बसून राहिले. पायरी पायरी चढणाऱ्या पाण्याकडं बघत. फौजेतल्या माणसानं ठाणं सोडायचं नसतं म्हणे. पाणी उतरल्यावर सगळे परत आले तेव्हा ते तिथंच होते, जिवंत, पण बोलणं गेलेलं, आणि पुढं हळूहळू पायही गेले. शेवटच्या दिवसांत ते जिना बसून चढायचे, उलटे, एकेका पायरीवर अंग टेकवत, नुसते त्या वळणावर जाऊन बसण्यासाठी. तो आवाज सुरय्याच्या कानात पक्का होता. आणि आता दुपारचा जो आवाज येत होता तो तोच होता, त्यात तिला तिळमात्र शंका नव्हती.

तर अशा जागी तिला काचेत डोळा दिसला. पुढचे काही दिवस ती घरातली सगळी माणसं एकेक करून मनात उभी करत राहिली. दिलावर? त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. काच बदलली असती तर रात्री जेवताना स्वतःच सांगून बसला असता. मिस्बाह? ती चिल्ल्यात, चाळीस दिवस उंबऱ्याबाहेर पाऊल नाही, आणि सुरय्याच तिला हलू देत नव्हती. इंजिनिअर आलेला नाही. लीलाबाईंना तर स्वतःच्या दाराचा उंबरा चढवत नाही. जिवंत माणसं संपली तरी प्रश्न उरलाच होता. तिनं बाळंतिणीच्या उशाखालची सुरी काढून मोठी ठेवली, संध्याकाळचा लोबान दुप्पट जाळला, इतका की दिलावर खोकत म्हणाला, "आगं, पोराला काय शेकतीस का भाजतीस?" पण त्या दिवसांत आणखी एक गोष्ट झाली. इतके महिने सगळेजण जिन्यात आले की काचेकडं बघत होते. आता काचेची भीती वाटायला लागल्यावर सुरय्याची नजर काच सोडून आजूबाजूला जायला लागली, आणि तिला तडा दिसला. ती आता केसाएवढी रेघ राहिलेली नव्हती. काचेच्या वर ती झरोक्यापर्यंत गेली होती, खाली पायरीच्या पोटात शिरली होती. जिन्यात खालून दुकानातला कापूस नेहमीच उडत असतो, हलके हलके तंतू. एका दुपारी तिनं पाहिलं, वारा नसताना एक तंतू हळूच भिंतीकडं सरकला, तड्याच्या तोंडाशी थरथरला आणि आत गेला. मागोमाग दुसरा. भिंत श्वास आत घेत होती. सुरय्या वर पळून आली आणि मिस्बाहनं विचारलं, "अम्मी, काच?" तिच्या तोंडून सवयीनं निघालं, "धड हाय."

ज्या दुपारी तिनं दार उघडलं त्या दुपारी ती काही शूर झालेली नव्हती. आवाज सुरू झाला, वळणावर थांबला, आणि नेमकं तेव्हाच झोपेतलं बाळ दचकून, दोन्ही मुठी उघडून, छताकडं टक लावून बघायला लागलं. लेकरांना मोठ्यांना दिसत नाही ते दिसतं म्हणतात. सुरय्याला भीतीच्या जागी एकदम राग आला. आमच्या घरात, आमच्या लेकरावर? ती ताडकन उठली, कडी काढली आणि अनवाणी पायऱ्या उतरली.

वळणाच्या पायरीवर पाठमोरं कुणीतरी बसलं होतं. पांढऱ्या केसांचा बारका अंबाडा, खांद्यावरून घसरलेला पदर. शेजारी बशीत कालवलेलं पांढरं सिमेंट. समोर भिंतीवर नवी काच बसवून झाली होती, आणि जुनीचे तुकडे त्या बाईनं ओच्यात गोळा करून घेतले होते.

"आक्का," सुरय्या म्हणाली. आवाज कुजबुजण्याएवढाच निघाला.

लीलाबाई दचकल्या नाहीत. त्या एवढ्या थकल्या होत्या की दचकायला अंगात काही उरलं नसावं. "ये. बस," त्या म्हणाल्या. "हितं वारं लय बरं लागतंय."

"तुमी जिना चढला?"

"चढतीय कुठली. बसून बसून आले. सुभेदार न्हाई का यायचे शेवटाला? तसंच." त्यांनी ओच्यातला एक तुकडा वर धरला. मागचा पारा ब्लेडनं खरवडलेला होता, पण कडेला थोडा राहून गेला होता. "कपाटाच्या काचा सरल्या सगळ्या. मंग त्यांचा दाढीचा आरसा काढला. त्यो बी आज फुटला बघ. आता ही शेवटची पट्टी, ह्याच आरशाची. चांगली खरवडलीया हिला."

सुरय्याला बसावंच लागलं. "कवापासनं?"

"इंजिनेर गेला तवापासनंच म्हन की. दुपारच्याला पोरगं दूध टाकून जातंय, त्याला वळणापातूर धाडायची, काच कशी हाय बघ रं. फुटली म्हनला की तुमची निजानीज झाल्यावर मी वर यायची. लय बारी फुटली गं. उदय तर टपूनच बसलाय. काच फुटली म्हनून कळलं की घर इकून मला न्हेतोय त्यो, तिकडं, जितं मला बोलायला मानूस न्हाई." त्या जरा थांबल्या. मग त्यांच्या चेहऱ्यावर एक लाजरं, बाईपणाचं हसू आलं. "पर तुला एक सांगू का? पैल्यानं पैल्यानं दोन डाव असं झालं, पोरगं म्हनालं काच फुटलीया, आन मी वर येतीया तर काच नवी! कुनी हात लावला न्हाई, आन नवी. म्या काय समजायचं ते समजले. म्हनलं, सुभेदार हायती. ठानं सोडलेलं न्हाई त्यांनी. तवापासनं हितं आलं की मी घटकाभर बसती. त्यांच्याशी बोलती."

सुरय्यानं गप्प बसायला हवं होतं. पुढं तिला कितीदा तरी वाटलं की तेवढं एक वाक्य आपण गिळायला हवं होतं. पण तोंडातून गेलं, "ती मी लावलीती, आक्का."

लीलाबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. ते तिथंच राहिलं आणि त्याच्या मागून बाई निघून गेली. सुरय्याला त्यांची इतकी दया आली की स्वतःची भीती क्षणभर विसरली. मग हळूहळू तिलाच दुसरी गोष्ट उमगायला लागली. ती नमाजात रडत शुक्र मानत होती, दर्ग्यात चादर चढवत होती, मिस्बाहला सलग काच सांगत होती, तेव्हा काच सलग नव्हतीच. एका दिवसासाठीसुद्धा. तिची फुटायची तेव्हा लीलाबाई लावायच्या, आणि लीलाबाईंची धड बघून ती निर्धास्त झोपायची. दोघींनी एकमेकींना फसवलं होतं, आणि दोघींनाही त्यात सुख लागलं होतं. भिंत मात्र कुणाला फसली नव्हती. तिचं काम चालू होतं. सुरय्यानं मान वर केली. झरोक्याच्या कडेनं बारीक वाळू पडत होती, चाळणीतून पडावी तशी, आवाज न करता.

"पोरीला खाली आन," लीलाबाई म्हणाल्या. एवढं बोलताना त्यांचा आवाज थेट सुभेदारांच्या बायकोचा झाला होता. "लेकरू आदी. एका टायमाला एकच मानूस."

मिस्बाह ऐकेना. आत्ता कुठं चिल्ल्याचे निम्मे दिवस झाले होते, डोक्याला फडकं, कानात कापूस, आणि आईच म्हणते बाहेर चल. "अम्मी, तूच म्हणालीस ना, खिडकीतसुद्धा उभी राहू नको? वडूजला कळलं तर?" सुरय्यानं बाळ उचललं आणि ती दाराबाहेर पडली, मग मिस्बाहला यावंच लागलं. जिना एकच होता. खाली जायची वाट ज्याच्यातून जायची त्याच्याचपासून पळायचं होतं. सुरय्या वळणापर्यंत आली, बाळ लीलाबाईंच्या मांडीत दिलं, आणि म्हातारी ते छातीशी धरून एकेका पायरीवर अंग टेकवत खाली घसरत गेली. तेवढा वेळ सुरय्या भिंतीला हात लावून उभी होती, जणू तिच्या हातानं भिंत थोपवली जाणार होती. तळव्याखाली काहीतरी होतं. धडधड म्हणावी तर ती तिच्या स्वतःच्या हाताचीही असेल. मग मिस्बाह उतरली. मग ती.

गल्लीत ऊन रखरखत होतं. दिलावर झोपेतून उठून आला, अंगभर कापूस चिकटलेला. पोरीला आणि नातवाला उघड्यावर बघून त्याचं डोकंच फिरलं. "काय झालंय काय?"

"जिना," सुरय्या म्हणाली. "जिना जातोय."

तो आत धावला. वळणापर्यंत गेलेली त्याची पावलं ऐकू आली, तिथं थांबलेली ऐकू आली, आणि सुरय्यानं श्वास धरला. मग तो सावकाश परत आला, आणि चक्क हसत होता. "काच तर धड हाय की! उगंच पोरीला उन्हात आनलंस."

"दिलावर," लीलाबाई म्हणाल्या, "ती काच आत्ता म्या लावली."

दिलावरनं त्यांच्याकडं प्रेमानं बघितलं, म्हाताऱ्या माणसाकडं बघतात तसं. "तुमी? आक्का, तुमाला उंबरा चढवत न्हाई."

"मी बी लावलीया," सुरय्या म्हणाली. "मागं. दोनदा."

ह्या वेळी तो हसला नाही, पण पटलंही नाही. तिच्या कपाळाला हात लावून बघितला. "तुजी झोप न्हाई झालेली म्हयन्याभरात. चल, वर चल. मिस्बाह, ऊठ बाळा." आणि मिस्बाह उठली. तिला भोवळ येत होती, तिला पडायला कॉट हवी होती, आणि इतके महिने आई जे रोज सांगत आली तेच आता अब्बा सांगत होते. तिनं बाळाला पदराखाली घेतलं आणि ती जिन्याच्या दाराकडं निघाली. सुरय्यानं घराकडं बघितलं. ते शांत उभं होतं, दुपारच्या उन्हात सगळी पेठ उभी होती तसंच. एक विटकर पडली नव्हती. आत्ता पड, तिनं त्याला मनातल्या मनात म्हटलं, आत्ता, ह्या घडीला, कुणी आत नाही तोवर पड. तिनं आयुष्यात काही इतक्या कळवळून मागितलं नव्हतं. घर पडलं नाही. आणि तिला लख्ख कळलं की ते असंच उभं राहणार, संध्याकाळपर्यंत, उद्यापर्यंत, आणि उद्या ती स्वतःच पातेलं घेऊन वर जाईल, आणि कुणी विचारलं तर म्हणेल, धड हाय.

मिस्बाहच्या आधी ती दारात पोचली. आत शिरली आणि सगळ्यात खालच्या पायरीवर मधोमध बसली, दोन्ही हात दोन्हीकडं टेकून. "मला तुडवून जा," ती म्हणाली.

"सुरय्या, लोक बघत्यात," दिलावर दबक्या आवाजात म्हणाला.

"बघू द्यात."

लीलाबाई दाराची चौकट धरत आत आल्या. सुरय्यानं सरकून जागा केली आणि त्या तिच्या शेजारी उरलेल्या जागेत बसल्या, गुडघे पुढं करून, धापा टाकत. आता मुंगीलासुद्धा वर जायला वाट नव्हती. बाहेर उन्हात मिस्बाह थांबली होती, बाळ रडायला लागलं होतं, आणि दिलावर एकदा बायकोला, एकदा मालकिणीला, उठा म्हणून विनवत होता. तेवढ्यात दोघींच्या खाली पायरी हलली. अगदी हलकीच, झोपलेल्या माणसानं कूस बदलावी एवढी. सुरय्या आपोआप अर्धी उठली, तशी बाहेर मिस्बाहनं लगेच पाऊल पुढं टाकलं. लीलाबाईंनी तिचा हात घट्ट धरला आणि तिला खाली ओढून बसवलं.

"उठू नगंस," त्या म्हणाल्या.